औंदा येऊ नको

पांढरकवड्याच्या स्टँडवर हैदराबादची गाडी लागली तेव्हा बाबांच्या उजव्या हाताला पिवळा ऑइल पेंट लागलेला होता. ईस्टरनंतरचा सोमवार. हायवेवरच्या गॅरेजात एक ट्रक नाव टाकायला उभा होता आणि बाबा अर्धं अक्षर तसंच सोडून मला पोचवायला आले होते. त्यांनी मला जवळ घेतलं नाही. म्हणाले, नव्या शर्टाला रंग लागेल. मी तेव्हाही संशयीच होतो. मला वाटलं, रडू येईल म्हणून टाळताहेत. आई मात्र खिडकीखाली उभी राहून शेवटपर्यंत सूचना देत होती. "कोनी इचारपूस केली तं आधी पाह्य, कायले इचारून राह्यला. घरचं सारं सांगत बसू नको." गाडी हलली तशी ती खिडकीबरोबर चार पावलं चालली आणि म्हणाली, "अन् हजेरीची फिकर करू नको. तुह्या नावाले मी ओ देत जाईन."

गाव सोडून गेलेल्यांना आणि गावातच राहिलेल्यांना, दोघांनाही हे सांगायचं आहे, म्हणून हजेरीपासूनच सुरू करतो. आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, जेमतेम चाळीस घरांची. ईस्टरच्या पहाटे सगळे चर्चपासून गात गात गावाबाहेरच्या दफनभूमीत जातात. पुढे बाबा, जुन्या चादरीच्या पट्टीनं गळ्यात पेटी अडकवलेली. मागे ढोलकी, झांजा, आणि पळसाच्या फुलांच्या टोपल्या घेतलेल्या बाया. कबरींना आदल्या दिवशी चुना मारलेला असतो. तांबडं फुटलं की पास्टर यादी काढतात. आधी पुरलेल्यांची नावं. एक नाव, त्यावर पेटीचा एक सूर, आणि सगळी मंडळी त्या माणसाच्या वतीनं म्हणते, "प्रभू उठला आहे!" मग जित्यांची नावं, घराघरानं. तिथं ज्याची त्यानं ओ द्यायची, त्याच शब्दांत. जो बाहेरगावी असेल त्याच्यासाठी घरच्यानं द्यायची. यादीत नाव नसेल तर मात्र कोणी कोणासाठी देत नाही. दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये कोणी नाव घातलं, की आमच्याकडे म्हणतात, तो हजेरीतून गेला.

पहाटेचं गाणं बाबांनीच बांधलेलं, येशूच्या कबरीशी गेलेल्या बायांचं. बाया विचारतात, "दगड कोणी लोटला गं, दगड कोणी लोटला?" पुरुषांनी उत्तर द्यायचं नाही, नुसत्या टाळ्या द्यायच्या. उत्तर दफनभूमीच्या फाटकाशी पोचल्यावरच, "देवदूतानं लोटला!" ही चाल ऐकून एका जुन्या पास्टरांना शंका आली होती की ही नक्की कुठल्यातरी ड्रायव्हरच्या कव्वालीच्या कॅसेटवरून उचललेली आहे. बाबांनी कधी कबूल केलं नाही. पण दिवसभर गॅरेजात ट्रकच्या मागे 'फिर मिलेंगे' आणि 'आवाज दो' लिहिणाऱ्या माणसाच्या कानावर दुसरं काय पडणार! मला विचाराल तर उचललेलीच आहे. तरी त्या गाण्याइतकं दुसरं कुठलंच गाणं मला आवडत नाही. आणि त्यातल्या बाया मला फार आपल्या वाटतात. कबर रिकामी दिसली तेव्हा त्यांना आधी आनंद झालाच नाही. आधी संशय आला, की कोणी नेलं.

हैदराबादला मी औषधांच्या कारखान्यात लागलो. काम तपासणीचं. पट्ट्यावरून गोळ्या जातात, त्यातली तुटकी, डागाळलेली, जरा बारीक वाटणारी बाजूला काढायची. म्हणजे पगारच संशयाचा म्हणा ना. स्वभाव होताच, त्याला नोकरी लागली. घरमालकानं "कौनसे गाँव के?" एवढं विचारलं तरी मला आईचं वाक्य आठवायचं आणि मी उलट विचारायचो, "क्यों, क्या हुआ?" पुढे करुणाशी लग्न झालं. ती तेलुगू, सिकंदराबादची, आजोबांपासून चर्चमधली माणसं. लग्न ठरलं तेव्हा मी तीन महिने तिच्यावरही शंका घेत होतो, की इतकी चांगली मुलगी माझ्यासाठी शिल्लक राहिलीच कशी. हे तिला माहीत आहे. अजून ऐकवते.

तिचं चर्च सिनेमा हॉलएवढं. ईस्टरला स्टेजवर दोन कीबोर्ड, ड्रमचे पॅड, गाण्याचे शब्द दाखवायला स्क्रीन, गाडी लावायला टोकन. "क्रीस्तु लेचेनु", ख्रिस्त उठला, असा सगळ्या हॉलचा आवाज उठतो तेव्हा अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. पण तिथं नाव घेऊन कोणी हाक मारत नाही. मर्सी शाळेत होती तोवर मी ईस्टरला न चुकता गावी जायचो, करुणाला आणि आमच्या मर्सीला घेऊन. मग जाणं सुटलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मी त्या हॉलमध्ये उभा राहायचो आणि मनात गावाकडचं घड्याळ चालायचं. आता फाटकाशी पोचले असतील. आता पुरलेल्यांची नावं झाली असतील. आता आई माझ्या नावाला ओ देत असेल.

जाणं का सुटलं, ते कोणालाच सांगितलं नव्हतं, आज सांगतो. तीन वर्षांपूर्वी मर्सीच्या कॉलेज ॲडमिशनला चर्चचे सभासद असल्याचा दाखला हवा होता. करुणा होतीच सभासद, पण कार्ड सगळ्या कुटुंबाचं लागत होतं, म्हणून मी ऑफिसात जाऊन फॉर्म भरायला बसलो. त्यात एक रकाना होता: आधीची मंडळी. तिथं पांढरकवडा लिहिलं असतं तर त्यांनी तिकडून माझं बदलीपत्र मागवलं असतं. बदलीपत्र निघालं की तिकडचं नाव खोडलं जातं. आणि आमच्या मंडळीचा चिटणीस कोण, तर बाबा. यादी त्यांच्याच अक्षरात. म्हणजे माझं नाव त्यांनाच खोडायला लागलं असतं. मी पेन धरून बराच वेळ बसलो आणि लिहिलं, निल. इकडे दाखला मिळेल, तिकडे आई ओ देत राहील. दोन्ही डगरींवर हात! वर स्वतःची समजूत घातली, की बाबांना दुःख नको म्हणून केलं. ज्या मंडळीत माझा बाप्तिस्मा झाला, जिच्या मातीत माझे आजी-आजोबा आहेत, तिला मी माझ्या हातानं निल लिहिलं. त्यानंतर मला ईस्टरला घरी तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. कधी मर्सीची परीक्षा सांगितली, कधी कारखान्यातलं ऑडिट. बाबा दरवर्षी फोन करायचे, "या साली ये." मी म्हणायचो, पाहतो.

आणि यंदा झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या बरोबर आठवडाभर आधी, त्यांचा फोन आला. "औंदा येऊ नको. ऊन लय हाय." एवढं बोलून ठेवून दिला.

ऊन लय हाय? पांढरकवड्याला ईस्टरच्या दिवसांत ऊन कधी नव्हतं? त्यात चारच दिवसांपूर्वी माझा धाकटा भाऊ विनय, जो आईबाबांजवळ राहतो, त्यानं माझ्या आधार कार्डाची कॉपी आणि फोटो मागितला होता. कशाला विचारलं तर म्हणे, "धाड ना दादा, काम हाय." मी लगेच दोन्ही गोष्टी जोडल्या. घर! आमचं घर हायवेपासून दोन मिनिटांवर. कोणी ढाबेवाला जागेसाठी मागे लागला असेल, विनयनं बाबांना गुंडाळलं असेल, आणि मी नेमका सह्यांच्या वेळी तिथं नको असेन. करुणाला सांगितलं तर ती हसायला लागली. म्हणाली, "आपको दाल में भी टूटी हुई टॅब्लेट दिखती जी." मी म्हटलं, तू हस. शनिवारी सकाळी कोणालाही न कळवता मी बस धरली.

पैनगंगेचा पूल ओलांडला, पाटणबोरी मागे पडली, तोवर माझी भाषणं तयार झाली होती. एक विनयसाठी, एक बाबांसाठी, आणि एक त्या ढाबेवाल्यासाठी, ज्याला मी अजून पाहिलंही नव्हतं. दुपारी घराशी पोचलो. आई दारात तांदूळ निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, "आला वाटते."

तीन वर्षांनी पोरगा न कळवता दारात उभा आहे आणि आई म्हणते, आला वाटते! मी आत जाऊन नजर फिरवली. माझ्या खाटेवर धुतलेली चादर घातलेली. कोपऱ्यात जिथं बाबांची पेटी असते ती जागा रिकामी. घराच्या आधी पेटी विकली की काय यांनी!

"पेटी कुठी हाय?" मी विचारलं.

"इनयनं नेली यवतमाळले, सूर लावायले. संध्याकाळी येते म्हणे."

"आणि माझं आधार कशाला हवं होतं त्याला?"

"रेशन कारडाले. केवायसी केल्याबिगर नाव कटते म्हणते. तुह्ये बाबा म्हणे, सुधीरचं नाव कटू द्याचं नाई, मंग काई बी करा." आई पुन्हा तांदूळ निवडायला लागली. "का रे? तुले काय वाटलं?"

पंचवीस वर्षं झाली मला या घरचं रेशन सोडून, आणि ही माणसं तहसीलात रांगा लावून माझं नाव टिकवताहेत. तोंड लपवायला जागा नव्हती. पण संशयी माणसाची लाज फार वेळ टिकत नाही. पाच मिनिटांनी मी बाबांची ट्रंक उघडून बसलो होतो. मला हजेरीची यादी बघायची होती. का, ते माझं मलाच धड सांगता आलं नसतं.

"काय पाहून राह्यला?" आई मागे येऊन उभी. "यादी? ते चर्चमधे हाय. जुनी फाटलती. ईस्टरआधी उपासकाळात तुह्या बाबानं बसून सारी नवी लिवली."

नवी लिहिली. म्हणजे एकेक नाव पुन्हा हातानं घातलं. म्हणजे एखादं घातलं नसेल तर ते खोडायचीही गरज पडली नसेल. मला विचारावंसं वाटलं, आई, माझं आहे ना? पण तसं विचारलं असतं तर ती म्हणाली असती, काहून नसन? आणि त्याचं उत्तर मला द्यावं लागलं असतं.

बाबा दफनभूमीत होते. कबरींना चुना मारून झाला होता आणि ते स्टुलावर बसून क्रुसांवरची नावं काळ्या रंगानं पुन्हा लिहीत होते. दरवर्षी लिहितात. पावसाळ्यात नावं पुसट होतात. मी जवळ गेलो तरी त्यांनी मान वळवली नाही. "डबा धर," म्हणाले. मी रंगाचा डबा धरून उभा राहिलो. आजोबांचं नाव चाललं होतं. दोन अक्षरं झाली, तिसऱ्याला त्यांनी ब्रश बुडवला आणि विचारलं, "निल म्हंजे काय बे?"

"कुठलं निल?" मी म्हटलं.

"मर्सीनं तुमच्या चर्चच्या कारडाचा फोटो धाडलता," ते शांतपणे सांगत होते. "पोरगी छान दिसते म्हून मोठा करून पाह्यला. मंग तुह्या नावाखालचं वाचलं, आधीची मंडळी, निल. अक्षर दिसलं का वाचल्याबिगर मले राहवत नाई, तुले ठाव हाय."

मी घाईघाईनं ॲडमिशनचं सांगायला लागलो. दाखला, फॉर्म, बदलीपत्र, सगळं.

"मी कारण नाई इचारलं. म्हंजे काय, ते इचारलं."

"काहीच नाही," मी म्हणालो. "निल म्हणजे काहीच नाही."

"काईच नाई," ते म्हणाले, आणि आजोबांचं आडनाव पुरं केलं. सारा रस्ता मी सगळ्यांवर संशय घेत आलो होतो, भावावर, ढाबेवाल्यावर, पेटीवर. एका गोष्टीची शंका मात्र मला आली नव्हती, की बाबांना माहीत असेल. मी कसंबसं विचारलं, "उद्या माझं नाव…"

"उद्याचं उद्या पाहू. डबा नीट धर, थेंब पडून राह्यले."

पहाटे साडेचारला आम्ही चर्चपाशी जमलो. विनयनं पेटी आणली होती, सूर लावून स्वच्छ झालेली. गाणं सुरू झालं. बाया विचारत होत्या, दगड कोणी लोटला, आणि मी टाळ्या देत चालत होतो, पण माझे कान गाण्यात नव्हते. चार माणसं सरकून चालली तर मला वाटायचं, यांनाही माहीत आहे. नव्या पास्टरांनी माझ्याकडे बघून मान हलवली तर वाटलं, कीव करताहेत. फाटकाशी सगळ्यांनी मोठ्यानं उत्तर दिलं आणि आम्ही आत गेलो. चुन्यानं कबरी पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या.

पुरलेल्यांची नावं झाली. आजोबांचं झालं, आजीचं झालं. मग घरं सुरू झाली. एक घर, दुसरं घर. नाव, सूर, ओ. मग आमचं. "प्रभाकर," पास्टर म्हणाले. बाबांनी स्वतःच सूर दिला आणि स्वतःच ओ दिली. "मार्था." आईनं दिली. "विनय." "सुनीता," म्हणजे विनयची बायको. त्यानंतर, बाहेरगावचा म्हणून शेवटी, दरवर्षी माझं नाव असायचं. पास्टर थांबले. कागदाकडे बघत राहिले.

नाव आलं नाही. संपलं, मी मनात म्हटलं. हजेरीतून गेलो. तुझ्याच हातानं गेलास, आता रडू नको.

आणि तेवढ्यात पेटीचा सूर आला. कोणाचंच नाव घेतलेलं नव्हतं, तरी बाबांनी पट्टी दाबली होती आणि सोडत नव्हते. डावा हात भाता मारत होता. ते माझ्याकडे बघतही नव्हते, समोरच्या पळसाच्या टोपलीकडे बघत होते. मंडळी चुळबुळायला लागली. ढोलकीवाल्यानं मान वर केली. आईनं पदर तोंडावर धरला होता. सूर चालूच. मग मला कळलं, की तो माझ्यासाठीच धरून ठेवला आहे, आणि जोवर मी तोंड उघडत नाही तोवर हा माणूस भाता थांबवणार नाही.

"सुधीर," मी म्हणालो. पुन्हा म्हणालो, "सुधीर. मंडळी पांढरकवडा."

मी पुढचं बोलायच्या आत आई तीन वर्षांच्या सवयीनं ओरडली, "प्रभू उठला आहे!"

"तू कायले देतं ओ?" पेटीमागून बाबा खेकसले. "आलाय ना तो!"

सगळी दफनभूमी हसली. मीही हसलो, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायचं सोडून मी जोरात म्हटलं, "प्रभू उठला आहे!" तेव्हा कुठे बाबांनी पट्टी सोडली.

उपासनेनंतर चर्चच्या अंगणात चहा, उकडलेली अंडी आणि आलुबोंडे होते. बाबांनी यादी माझ्यापुढे धरली. सुनीताच्या खाली एक ओळ कोरी होती. "तूच काढलं, तूच लिव," म्हणाले आणि पेन दिलं. मी लिहिलं. त्यांच्या वळणदार अक्षरांखाली माझं नाव वाकडंतिकडं दिसत होतं. मग मी विचारलं, इतकं सगळं ठरवलं होतं तर येऊ नको का म्हणालात?

विनयच्या तोंडातला चहा बाहेर यायचा बाकी राहिला. "दादा, तीन साल ये ये म्हणून राह्यलो, तू आला का? बाबा म्हणे, आता नको म्हणून पाह्यतो. शनवारी दुपारी येते म्हणे, लिवून ठेवा. आईनं चादर शुक्रवारीच धुतली."

"ये म्हटलं का याले वाटते, जाऊ कवातरी," बाबा आलुबोंडा मोडत म्हणाले. "नको म्हटलं का पोटात दुखते."

म्हणजे ज्या संशयाचा मला इतका अभिमान, त्यालाच धरून त्यांनी मला ओढून आणलं होतं. राग यायला हवा होता. मी दुसरा आलुबोंडा घेतला.

हैदराबादला परतल्यावर मी चर्चच्या ऑफिसात गेलो आणि फॉर्ममधली चूक दुरुस्त करायची आहे म्हटलं. क्लार्कनं चष्म्यावरून पाहिलं, की तीन वर्षांनी या माणसाला आज काय सुचलं. निल खोडून मी पांढरकवडा लिहिलं. नियमाप्रमाणे त्यांनी बदलीपत्र मागवलं. महिन्याभरानं चिटणिसाच्या सहीनं उत्तर आलं, ट्रकवर शोभेल अशा ठसठशीत अक्षरात. सदर इसमाचं नाव आमच्या हजेरीत आहे व राहील. तो तुमच्या गावी राहतो, तरी त्याला आपला म्हणून सांभाळून घ्यावे. क्लार्क म्हणाला, हे फॉरमॅटमध्ये बसत नाही. तरी त्यानं ते फाइलला लावलं.

आता कोणी विचारलं, तुमचं घर कुठलं, तर आधी मी अजूनही पाहतो, की हा कशाला विचारतोय. स्वभाव काही जात नाही. पण उत्तर देतो. जिथं माझं नाव घेतलं नाही आणि माझ्यासाठी सूर मात्र सोडला नाही, ते माझं घर. राहतो इथं, जेवतो इथं, मर्सीची शाळा-कॉलेज सगळं इथं झालं, कदाचित मला पुरतीलही इथंच. घर तिकडे आहे.

परवा बाबांचा फोन आला होता. "पत्र पोचलं ना? बरं. अन् आयक, पुढच्या साली येऊ नको. ऊन लय ऱ्हाते." आणि ठेवून दिला. मी कॅलेंडर काढून पुढचा ईस्टर कधी येतो ते पाहिलं आणि त्याच दिवशी कारखान्यात रजेचा अर्ज टाकला. वर्षभर आधी रजा मागणारा माणूस बघून सुपरवायझरला शंका आली. विचारायला लागला, "घर पे सब ठीक है ना?"

"हौ," मी म्हटलं. "घर से फोन आया है, मत आना बोले."